वाचनालयाचं संकेतस्थळ: व्हिज्युअल एडिटर घ्यावा की हाताने कोड लिहावा?

शब्दवेध

नमस्कार मंडळी.

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचं संकेतस्थळ नव्याने करायचं आहे. मजकूर सगळा मराठीत. पानं साधारण १५: इतिहास, वेळा, वर्गणी आणि अनामत, कार्यकारिणी, बालविभाग, अभ्यासिका, देणगीदार, छायाचित्रं, संपर्क वगैरे. ही पानं वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी बदलतील. त्याखेरीज दर महिन्याला नव्या पुस्तकांची यादी आणि दोन-तीन सूचना चढवाव्या लागतील.

एचटीएमएल आणि सीएसएस मला नीट येतं, पीएचपी वाचून कळतं. पुढची देखभाल मात्र ग्रंथपाल आणि लिपिक करणार. त्यांना वर्ड आणि एक्सेल येतं, कोडशी संबंध नाही. होस्टिंग साधं शेअर्ड, सीपॅनेलचं (ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायची सोय). पीएचपी आणि मायएसक्यूएल आहे. सध्याचं संकेतस्थळ वर्डप्रेसवर एका पेज बिल्डरने (पान ओढून-सोडून रचायच्या जोडणीने) केलेलं आहे आणि मोबाइलवर फार हळू उघडतं.

एक सल्ला मिळाला की ओढून-सोडून पान रचायचा एडिटरच पुन्हा घ्या, कोड कोण लिहीत बसणार. दुसरा असा की एवढ्याशा कामाला एवढं ओझं कशाला, हाताने लिहा. दोन्हीकडे नेमकं काय बिघडतं ते मला हवंय: वेग, मोबाइल, मराठी फाँट, आणि पाच वर्षांनी काम दुसऱ्याच्या हाती गेलं तर हातात काय उरतं.

तिरका_कंस

व्हिज्युअल एडिटर या एका नावाखाली चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. पडद्यावर त्या सारख्याच दिसतात, फरक असतो तो तुमचा मजकूर कुठे आणि कोणत्या रूपात साठतो त्यात. आधी तेवढं पाहा, बाकीचं पुष्कळसं त्यावरून ठरतं.

पहिला प्रकार फाइलवर काम करणारा. ड्रीमवीव्हर यातलंच, मॅक्रोमीडियाने १९९७ मध्ये आणलेलं आणि २००५ मध्ये अडोबीकडे गेलेलं. पाइनग्रो तुमची साधी एचटीएमएल फाइल उघडतं आणि तीच परत लिहितं, म्हणजे उद्या पाइनग्रो नसलं तरी फाइल तुमचीच. बूटस्ट्रॅप स्टुडिओचं तसं नाही. ते स्वतःच्या प्रकल्प-फाइलमध्ये काम ठेवतं आणि एचटीएमएल बाहेर काढून देतं. बाहेर काढलेल्या फाइलमध्ये हाताने केलेला बदल मूळ प्रकल्पात परत जात नाही. पुढच्या वेळी एक्सपोर्ट केलं की तो पुसला जातो. दोन माणसं दोन टोकांना काम करत असतील तर हे हमखास घडतं.

दुसरा प्रकार विक्ससारख्या सेवांचा. एडिटर, साठवण, सर्व्हर सगळं त्यांचं. विक्सवर रचलेली पानं उचलून दुसऱ्या होस्टिंगवर ठेवता येत नाहीत. तुमच्याकडे होस्टिंग आधीच आहे, तेव्हा हा विषय इथेच सोडू.

तिसरा प्रकार वर्डप्रेसवरचे पेज बिल्डर: एलिमेंटर, डिव्ही, डब्ल्यूपीबेकरी. एलिमेंटर पानाची रचना जेसनच्या (माहिती मजकुरात मांडायची एक पद्धत) रूपात डेटाबेसच्या वेगळ्या तक्त्यात ठेवतं. ते बंद केलं की मजकूर उरतो, रचना जाते. डब्ल्यूपीबेकरी आणि डिव्हीच्या जुन्या आवृत्त्या चौकोनी कंसातले शॉर्टकोड (बिल्डरला समजणाऱ्या खुणा) मजकुरातच पेरतात. बिल्डरचं प्लगइन (वर्डप्रेसची जोडणी) काढलं की वाचकाला पानभर तेच कंस दिसतात, आणि दीडशे सूचनांमधून ते हाताने साफ करायला बसावं लागतं.

चौथा वर्डप्रेसचा स्वतःचा ब्लॉक एडिटर, डिसेंबर २०१८ च्या ५.० आवृत्तीपासूनचा. तो साधं एचटीएमएल साठवतो आणि प्रत्येक ब्लॉकच्या मागेपुढे कॉमेंटच्या रूपात खूण ठेवतो. वर्डप्रेस काढून टाकलं तरी आत परिच्छेद, मथळे, याद्या जशाच्या तशा मिळतात. चौघांत पाच वर्षांनी सगळ्यात जास्त हाती लागतं ते यात, अर्थात साध्या फाइली सोडून.

तुमचं पान हळू का उघडतं, तर बिल्डरला प्रत्येक घटकाला कुठेही हलवता येईल अशी सोय द्यावी लागते. म्हणून तो एका शीर्षकाभोवती डिव्हवर डिव्ह (चौकटीचे टॅग) गुंडाळतो. सेक्शन, त्यात कंटेनर, त्यात कॉलम, त्यात विजेट, मग कुठे शीर्षक. नव्या आवृत्त्यांनी हे थर कमी केलेत, पण जुनी पानं आपोआप बदलत नाहीत. शिवाय स्लायडर, पॉपअप, आयकॉन यांच्या सीएसएस-जावास्क्रिप्ट फाइली, ज्यांतलं पुष्कळसं तुमच्या पानाला लागतच नाही. क्रोममधलं लाइटहाउस (पान तपासायचं साधन) लावून पाहा: पानातले घटक फार झाले की ते दाखवतं. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत ८०० च्या वर गेले की इशारा, १,४०० च्या वर गेले की लाल शेरा असे. स्वस्त अँड्रॉइड फोनला खरा त्रास होतो तो इथे, नेटवर्क चांगलं असतानासुद्धा.

माझं मत: तुमची १५ पानं हाताने लिहा. पण ग्रंथपालांना कोडपाशी जावं लागता कामा नये, ती सोय वेगळी करा.

पानखुणा

हाताने लिहायचं ठरलं तर सुरुवातीलाच या गोष्टी करून ठेवा, नाहीतर तीन महिन्यांत पानं एकमेकांशी जुळेनाशी होतात.

डोक्याची पट्टी, मेनू आणि तळपट्टी पंधरा फाइलींत चिकटवू नका. फोन नंबर बदलला की पंधरा ठिकाणी बदलावा लागतो आणि एखादं पान राहतंच. होस्टिंगवर पीएचपी आहे, तेव्हा पानांच्या फाइली पीएचपी ठेवा आणि हे तुकडे स्वतंत्र फाइलींतून इन्क्लूड करा. इन्क्लूडचा मार्ग देताना तो संकेतस्थळाच्या मूळ फोल्डरपासून (डॉक्युमेंट रूट) मोजा, नाहीतर बालविभागाचं पान उपफोल्डरमध्ये हलवलं की तुकडा सापडत नाही आणि मेनू गायब होतो.

फाइली यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवायची युनिकोड पद्धत) मध्ये, पण बीओएमशिवाय साठवा. बीओएम म्हणजे फाइलच्या सुरुवातीचे तीन अदृश्य बाइट. पीएचपी फाइलमध्ये ते राहिले की सर्व्हर ते आधीच पाठवून मोकळा होतो आणि नंतर "हेडर आधीच गेले आहेत" अशी चूक येते, किंवा पानाच्या वर एक पांढरी पट्टी दिसते जिचं कारण शोधून सापडत नाही. व्हीएस कोडमध्ये खालच्या पट्टीवर एन्कोडिंग दिसतं, तिथूनच बदलता येतं.

कॅरेक्टर सेट सांगणारा मेटा टॅग हेडमध्ये सगळ्यात वर ठेवा. नियमाप्रमाणे तो फाइलच्या पहिल्या १,०२४ बाइटांत यायला हवा. देवनागरीतलं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, त्यामुळे आधी लांबलचक मराठी शीर्षक आणि वर्णन टाकलं की ती मर्यादा इंग्रजी पानापेक्षा फार लवकर ओलांडली जाते. व्ह्यूपोर्टचा मेटा टॅगही तिथेच. तो नसला तर फोन ९८० पिक्सेल रुंदीचा पडदा गृहीत धरतो आणि अक्षरं मुंगीएवढी दिसतात.

फाइलींची नावं सगळी लहान रोमन लिपीत, जागा न सोडता, मध्ये आडवी रेघ देऊन. विंडोजला लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा फरक पडत नाही, लिनक्स सर्व्हरला पडतो. फोनमधून आलेल्या फोटोचं एक्स्टेन्शन पुष्कळदा मोठ्या अक्षरांत असतं आणि कोडमध्ये आपण लहान लिहितो. घरच्या संगणकावर फोटो दिसतो, सर्व्हरवर तिथे फुटकी चौकट.

फोटोंचं काम मात्र हाताने लिहिणाऱ्यांना जड जातं आणि तिथे वर्डप्रेस खरोखर पुढे आहे, हेही सांगायला हवं. फोनचा फोटो ४,००० पिक्सेल रुंद आणि काही मेगाबाइटांचा असतो. वर्डप्रेस ५.३ पासून २,५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो आपोआप लहान होतो, त्याच्या निरनिराळ्या रुंदीच्या प्रती बनतात आणि फोनला योग्य ती मिळते. हाताने करताना हे तुम्हालाच करायचं आहे: जास्तीत जास्त १,६०० पिक्सेल रुंदी, वेबपी (हलका फोटो-प्रकार), दर्जा ७५ ते ८०. इमेज टॅगमध्ये रुंदी आणि उंची दोन्ही आकडे लिहा, म्हणजे फोटो येईपर्यंत ब्राउझर तेवढी जागा राखून ठेवतो आणि वाचत असलेला मजकूर खाली उडी मारत नाही. पडद्याखालच्या फोटोंना लेझी लोडिंग (वाचक तिथवर आला की मगच उतरवणं) द्या. सगळ्यात वरच्या मोठ्या फोटोला मात्र देऊ नका, तो उलट उशिरा येतो आणि मुख्य घटक दिसण्याची वेळ गूगलच्या २.५ सेकंदांच्या मर्यादेपलीकडे जाते.

शब्दवेध

धन्यवाद दोघांनाही. एक सांगायचं राहिलं: सूचनांमध्ये कधीकधी कार्यक्रमाचे फोटो असतात, आणि बऱ्याच जुन्या सूचना श्रीलिपीत टंकलेल्या आहेत. पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये असते: दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, किंमत.

वर्डप्रेसचा ब्लॉक एडिटर ठेवला आणि बिल्डर काढला तर काय? लिपिकांना तो जमेल असं वाटतं.

निळी_शाई

जमेल, पण तो मोकळा सोडू नका. कुणालाही ब्लॉक एडिटर कोरा करकरीत दिला की तीन महिन्यांत सूचनांची पानं लाल, हिरव्या, निळ्या मथळ्यांनी भरतात. दोष त्या माणसाचा नाही. रंगपेटी समोर ठेवली तर ती वापरली जाणारच.

थीमच्या फोल्डरमध्ये थीम-जेसन नावाची फाइल असते. तिच्या सेटिंग्जमध्ये स्वतःचा रंग निवडायची, स्वतःचा अक्षर-आकार टाकायची आणि ग्रेडियंटची सोय बंद करा. दोन रंग, तीन आकार तेवढेच ठेवा. मग सूचनेसाठी एक पॅटर्न बनवा: मथळा, तारीख, परिच्छेद, फोटो. बाहेरच्या ग्रुप ब्लॉकला टेम्प्लेट-लॉक "फक्त मजकूर" असं द्या. लिपिकांना शब्द आणि फोटो बदलता येतात, चौकट हलवता येत नाही. त्यांना भूमिका "लेखक" द्या, "प्रशासक" नको. लेखकाने चिकटवलेला स्क्रिप्ट टॅग वर्डप्रेस साठवताना काढून टाकतं, आणि प्लगइनच्या पानापर्यंत त्यांना पोचताही येत नाही.

हाताने लिहिणाऱ्यांची इथे एक सवय आडवी येते. कोड व्ह्यूमध्ये जाऊन ब्लॉकच्या आतला टॅग बदलला, तर ब्लॉकच्या अपेक्षेप्रमाणे एचटीएमएल जुळत नाही आणि एडिटर "या ब्लॉकमध्ये अनपेक्षित किंवा अवैध मजकूर आहे" असं सांगून दुरुस्तीचं बटण दाखवतो. बटण दाबलं की तुम्ही घातलेली क्लास किंवा ॲट्रिब्यूट बहुधा उडतं. क्लास द्यायची असेल तर उजवीकडच्या प्रगत विभागातल्या रकान्यात लिहा, किंवा तेवढ्यापुरता कस्टम एचटीएमएल ब्लॉक वापरा.

आता मराठी पत्त्यांचं. हे मराठी संकेतस्थळांवर सर्रास दिसतं आणि कुणी कारण पाहत नाही. वर्डप्रेस शीर्षकावरून पानाचा पत्ता बनवतं आणि त्याला २०० चिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह टक्क्याच्या खुणांसह ९ चिन्हांचं होतं. काना, वेलांटी आणि हलन्तसुद्धा वेगळे मोजले जातात. म्हणजे पत्त्यात देवनागरीची जेमतेम २२ चिन्हं मावतात. "वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना २०२५" हे शीर्षक घ्या. पहिल्या तीन शब्दांतच २०० पूर्ण होतात. "सूचना" आणि वर्ष कापलं जातं. पुढच्या वर्षीच्या सूचनेचा पत्ता तोच निघतो, म्हणून त्याच्या शेपटाला २ चिकटतो, मग ३. शिवाय व्हॉट्सॲपवर तो पत्ता पाठवला की अनेकदा टक्के-आकड्यांची लांब माळ दिसते. पत्ता प्रकाशित करण्याआधी हाताने रोमन लिपीत लिहा: सभा, आडवी रेघ, वर्ष. लिपिकांना शिकवायची एकच गोष्ट असेल तर ही शिकवा.

वेलांटी

मराठी मजकुराबद्दल माझ्याकडून भर. एडिटर कुठलाही घ्या किंवा हाताने लिहा, या ठिकाणी दोन्हीकडे घसरतं.

एचटीएमएल टॅगवर लँग ॲट्रिब्यूट मराठीचं, म्हणजे एम-आर असं हवं. हाताने लिहिताना तयार साचा उचलला की त्यात इंग्रजीचं असतं आणि तसंच राहून जातं. वर्डप्रेसमध्ये सामान्य सेटिंग्जमधली संकेतस्थळाची भाषा मराठी केली की आपोआप येतं. एखाद्याला कामाचा पडदा इंग्रजीत हवा असेल तर त्याच्या प्रोफाइलमध्ये वेगळी भाषा ठेवता येते. याचा परिणाम दिसण्यावरही होतो. नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी ठेवलेली असतात आणि भाषा मराठी सांगितली तरच ब्राउझर ती घेतो. दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडरही आवाज निवडताना हेच पाहतो. वाचनालयाच्या संकेतस्थळावर तरी ते चुकू नये.

लेटर-स्पेसिंग शून्य करा. बिल्डरच्या आणि थीमच्या तयार शैलींत मेनू, बटणं आणि मथळ्यांना एक-दोन पिक्सेल अंतर दिलेलं असतं. रोमन अक्षरांना ते शोभतं, पण देवनागरीची शिरोरेषा त्याने तुकड्या-तुकड्यांत तुटते. ओळींमधलं अंतर मजकुराला १.७ आणि मथळ्यांना १.४ च्या आसपास ठेवा. इंग्रजीसाठीच्या १.१ वर "कीर्ती"मधला रफार वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन भिडतो, आणि चौकटीला ओव्हरफ्लो हिडन (बाहेर जाणारं झाकायची सूचना) असेल तर चक्क कापला जातो. दोन्ही कडा जुळवायच्या फंदात पडू नका. मोबाइलच्या अरुंद ओळीत दोन शब्दांमध्ये दरी पडते. तिरपी अक्षरंही नकोत, बहुतेक देवनागरी फाँटमध्ये ती नसतातच आणि ब्राउझर उभी अक्षरं नुसती ढकलून तिरपी करतो.

फाँटच्या जाड्या दोनच घ्या, साधी आणि ठळक. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटची फाइल इंग्रजीपेक्षा बरीच मोठी असते. बिल्डर पुष्कळदा एकाच फाँटच्या सगळ्या जाड्या मागवतो, तेवढ्याने पान जड होतं. मुक्त वापराचे मुक्ता किंवा नोटो घेऊन स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा आणि फाँट-डिस्प्ले स्वॅप (फाँट येईपर्यंत पर्यायी फाँटमध्ये मजकूर दाखवायची सूचना) द्या. पर्यायी फाँटमध्ये विंडोजसाठी निर्मला यूआय लिहून ठेवा. ठळक जाडीची फाइल दिलीच नाही आणि मथळा ठळक मागितला तर ब्राउझर साधी अक्षरं फुगवून दाखवतो आणि "क्ष", "ष्ट" यांच्या आतल्या पोकळ्या बुजतात.

श्रीलिपीतल्या सूचना थेट चिकटवल्या की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसेल, कारण त्या फाइलीत देवनागरी नसतेच, इंग्रजी संकेतांवर देवनागरीचे आकार चढवलेले असतात. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि मग माणसाने वाचून तपासा. रूपांतरात रफार, पहिली वेलांटी आणि "ऱ्य" हमखास हलतात. तो फाँट संकेतस्थळावर चढवून "दिसतंय ना" म्हणत वेळ मारून नेऊ नका. गूगलला तो मजकूर सापडणार नाही आणि फोनवर कॉपी केला की पुन्हा कचराच.

"दुसऱ्या"मधला "ऱ्य" दोन प्रकारे टंकता येतो: ऱ हे वेगळं अक्षर वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचा जोडक घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, शोधताना मात्र जुळत नाहीत. काही एडिटर आणि साफसफाई करणारी प्लगइन अदृश्य चिन्हं काढून टाकतात. तो जोडक गेला की "दुसर्या" असा रफार वर चढतो. शोध द्यायचा असेल तर साठवतानाच सगळं एका रूपात आणा, ऱ चं रूप घ्या.

आणि वर्डमधून चिकटवताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही. साध्या पेस्टमध्ये काही एडिटरांत वर्डचा फाँट आणि रंग इनलाइन शैली म्हणून सोबत येतो. इनलाइन शैली तुमच्या सीएसएसवर मात करते आणि मग एकच सूचना वेगळ्या फाँटमध्ये का दिसते ते कुणाला कळत नाही.

तिरका_कंस

वेलांटी यांचा प्रतिसाद छापून ठेवावा असा आहे.

निळी_शाई यांनी सांगितलेली कुलपं योग्यच, पण वर्डप्रेसचा एक खर्च मोजायला हवा. लहान सुरक्षा-आवृत्त्या ३.७ पासून, म्हणजे २०१३ पासून, आपोआप बसतात. थीम, प्लगइन, पीएचपीची आवृत्ती आणि बॅकअप यांच्याकडे मात्र कुणीतरी पाहावं लागतं. तुम्ही ते काम सोडल्यावर वाचनालयात असं कुणी नसेल. दोन वर्षं न हात लावलेलं वर्डप्रेस आणि दोन वर्षं न हात लावलेली साधी पानं यांत पहिल्याला धोका कितीतरी जास्त.

त्यांना एक्सेल येतं, मग एक्सेललाच एडिटर करा. महिन्याची यादी सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) म्हणून साठवायची, पीएचपीने ती एफगेटसीएसव्ही या फंक्शनने ओळीओळीने वाचायची आणि तक्ता छापायचा. पंचवीस-तीस ओळींचा कोड आहे. अडचणी ठरलेल्या आहेत, त्या आधीच सांगतो.

एक्सेलमध्ये सेव्ह ॲज करताना "सीएसव्ही यूटीएफ-८" हाच प्रकार निवडायचा. त्याच्या शेजारचा नुसता "सीएसव्ही" निवडला तर सगळी मराठी प्रश्नचिन्हं होते आणि ती परत मिळत नाही. यूटीएफ-८ प्रकारात सुरुवातीला पानखुणा यांनी सांगितलेला तोच बीओएम येतो, तो पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटतो आणि "दाखल क्रमांक" असा रकाना सापडतच नाही. म्हणून वाचताना पहिले तीन बाइट तपासून काढा. आयएसबीएन ठेवणार असाल तर तो रकाना आधीच "टेक्स्ट" करा, नाहीतर १३ आकडी संख्या एक्सेल घातांकात दाखवतं आणि सीएसव्हीत तशीच लिहितं. शेवटचे आकडे कायमचे जातात. छापताना प्रत्येक मूल्य एचटीएमएल-स्पेशलचार्स या पीएचपी फंक्शनमधून न्या, म्हणजे मजकुरातली चिन्हं टॅग समजली जात नाहीत. पुस्तकाच्या नावातला स्वल्पविराम एक्सेल अवतरणात घालून सांभाळतं, त्याची चिंता नको.

फाइलचं नाव वर्ष-महिना असं ठेवा, महिना दोन आकडी. मग पीएचपीच्या ग्लोब फंक्शनने सगळ्या फाइली गोळा करून उलट क्रम लावला की नवी यादी वर येते आणि जुन्यांचा संग्रह आपोआप होतो. महिना आधी लिहिला तर क्रम विस्कटतो.

लिपिकांना सीपॅनेलचा पासवर्ड देऊ नका. सीपॅनेलमधूनच त्या एका फोल्डरपुरतं एफटीपी (फाइली चढवायचं) खातं उघडता येतं, तेवढं द्या. त्यापेक्षा सोपं हवं असेल तर गूगल शीट घ्या, "वेबवर प्रकाशित करा"मधून सीएसव्हीचा दुवा मिळतो, पीएचपीने तो तासातून एकदा आणून स्थानिक प्रत ठेवायची. आणताना चूक आली तर आधीची प्रत दाखवायची, कोरं पान नव्हे. काही होस्टिंगवर बाहेरचा दुवा उघडायची पीएचपीची सोय बंद असते, तेव्हा कर्ल ही पीएचपीची दुसरी सोय वापरा. सूचनाही अशाच: तारीख, शीर्षक, मजकूर, फोटोचं नाव असे चार रकाने.

एकच पथ्य: पूर्ण ग्रंथसूची एका पानावर छापू नका. ५०० पुस्तकं आणि पाच रकाने म्हणजे २,५०० घरं आणि ५०० ओळी, ३,००० घटक झाले. तुम्ही बिल्डर काढून जे कमावलं ते इथे परत गमावाल. विषयवार पानं करा.

निळी_शाई

शीटची कल्पना यादीसाठी उत्तम, मान्य. सूचनांच्या बाबतीत मी अजून वर्डप्रेसच्या बाजूने आहे. शीटच्या एका घरात चार परिच्छेदांची सूचना लिहिणं त्रासाचं आहे, त्यातला दुवा किंवा ठळक शब्द सीएसव्हीत टिकत नाही, आणि फोटो लहान करून चढवायचं काम पुन्हा माणसावर येतं. महिन्याला दोन सूचना, त्यात फोटो कधीतरी, तर चालेल. आठवड्याला कार्यक्रम होऊ लागले तर लिपिक कंटाळून सूचना फोनवर फोटो काढून चढवतील, आणि कागदाचा फोटो ना शोधता येतो ना ऐकता येतो.

काहीही निवडा, आधी एक नमुना पान करून तपासा. त्यात एक फोटो, एक तक्ता, एक संपर्क-फॉर्म असू द्या. मग:

माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅबने पानभर फिरा. प्रत्येक दुवा आणि बटण यांच्यावर थांबा मिळायला हवा आणि तो दिसायला हवा. बिल्डर कधीकधी डिव्हलाच बटणाचं रूप देतो, त्याच्यावर टॅब थांबत नाही. फॉर्मच्या रकान्याचं नाव लेबल टॅगमध्ये आहे का ते पाहा. नावावर टिचकी मारली की रकान्यात कर्सर जायला हवा. नुसता प्लेसहोल्डर (रकान्याच्या आतली फिकट अक्षरं) असेल तर लिहायला लागताच नाव नाहीसं होतं.

खिडकी ३२० पिक्सेल रुंद करा. आडवं सरकावं लागलं तर बहुधा तक्ता दोषी असतो. त्याला एका डिव्हमध्ये घालून ओव्हरफ्लो-एक्स ऑटो द्या, म्हणजे तक्ताच सरकेल, पान नाही.

मथळ्यांची उतरंड पाहा. अक्षर मोठं हवं म्हणून पहिल्या पातळीचा मथळा चार ठिकाणी वापरलेला असतो. एका पानाला पहिल्या पातळीचा एक, मग दुसरी, मग तिसरी. अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा फरक किमान ४.५ ला १. फिकट राखाडीवर पांढरं लिहिलेलं यात बसत नाही, आणि वाचनालयाचे निम्मे वाचक ज्येष्ठ नागरिक असू शकतात. शेवटी पान डब्ल्यूथ्रीसीच्या व्हॅलिडेटरमधून (कोड तपासायचं साधन) काढा. न बंद झालेला टॅग ब्राउझर मुकाट्याने सावरून घेतो, म्हणून हाताने लिहिणाऱ्याला तो दिसत नाही.

शब्दवेध

फार उपयोग झाला. १५ पानं हाताने लिहितो, यादी गूगल शीटमधून. सूचनाही सध्या शीटमधूनच, महिन्याला दोनच असतात. वाढल्या तर फक्त त्यांच्यापुरतं वर्डप्रेस उपफोल्डरमध्ये बसवता येईल, बाकी पानांना धक्का न लावता.

एक शेवटचं: जुन्या संकेतस्थळाचे पत्ते मराठीत आहेत, गावातल्या शाळांनी काही ठिकाणी त्यांचे दुवे दिलेत. ते तुटू नयेत म्हणून काय करू?

पानखुणा

जुनं बंद करायच्या आधी त्याचा साइटमॅप (सगळ्या पानांची यादी) उघडून सगळे पत्ते एका शीटमध्ये उतरवा, समोर नवा पत्ता लिहा. मग एचटीॲक्सेस फाइलमध्ये (सर्व्हरला सूचना देणारी फाइल) प्रत्येकाला एकेक रिडायरेक्ट ३०१ ची (कायमचं वळवायची) ओळ. जुना पत्ता तिथे टक्क्यांच्या रूपात लिहू नका, सरळ देवनागरीत लिहा आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये, बीओएमशिवाय साठवा. अपाचे सर्व्हर ती ओळ तपासताना पत्ता आधी उलगडून घेतो, त्यामुळे टक्क्यांच्या रूपाशी तो जुळत नाही. पत्त्यात "ऱ्य" असेल तर तो हाताने टंकू नका, जुन्या पानाच्या पत्त्यावरून उलगडून चिकटवा, वेलांटी यांनी सांगितलेल्या दोन रूपांमुळे.

सगळं मुख्यपृष्ठाकडे वळवायचा मोह टाळा. वर्गणीचा दुवा उघडणाऱ्याला वर्गणीचंच पान मिळू दे. ज्याला जोड नाही, उदाहरणार्थ संपलेल्या स्पर्धेची सूचना, ते ४०४ ला ("पान सापडत नाही") जाऊ द्या, फक्त त्या पानावर मेनू आणि वाचनालयाचा फोन नंबर ठेवा. आणि जुन्या वर्डप्रेसचा डेटाबेस आणि अपलोड्सचं फोल्डर उतरवून घेतल्याशिवाय काहीही पुसू नका, फोटो तिथेच आहेत.